मामा तलावावर दोघांच्या डोंग्यांची शर्यत: नियम आणि रीत

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या निमित्ताने गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर डोंग्यांची शर्यत घ्यायची ठरली, की पहिली चर्चा बक्षिसाची होते. ती शेवटी करा. पाण्यात कोण आहे आणि कोण बाहेर आलं, हे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर उभ्या चार माणसांना कसं कळणार, ते आधी ठरवा. बाकीचे सगळे नियम त्यावर उभे राहतात.

समुद्रावर दोघांनीच चालवायच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती किनाऱ्या-किनाऱ्याने होतात. शिडाच्या शर्यतींचे नियम वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना दर 4 वर्षांनी नव्याने काढते. सध्या 2025–2028 ची आवृत्ती चालू आहे. वल्ह्याच्या डोंग्याला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे वारा कुठल्या बाजूने येतो यावर वाट कुणी द्यायची ते ठरतं, आणि आपल्याकडे शीडच नाही. पण सुटायचे इशारे, बाहेरच्या मदतीची बंदी, वळायच्या खुणेपाशी जागा देणं, चुकीची शिक्षा म्हणून डोंग्याची गोल गिरकी हे सारं तलावावर चांगलं बसतं. खाली तेवढंच घेतलं आहे.

दिवस आणि परवानगी

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ ठीक. धान निघालेला असतो, तलावात पाणी असतं. मार्चनंतर मामा तलाव आटतात, काठाला गुडघाभर चिखल होतो आणि उलटलेल्या डोंग्यापर्यंत पायी पोचता येत नाही, पोहताही येत नाही. वळिवाच्या दिवसांत तर शर्यतीचं नावच नको.

100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारा तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतो, मोठा असेल तर जलसंपदा विभागाकडे. मासेमारीचा ठेका ज्या ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे आहे, तिची संमती वेगळी घ्या आणि सगळ्यात आधी घ्या. जाळी कुठे लागली आहेत, शिंगाडा कुठे लावला आहे, बुडालेली झाडं कुठे आहेत, हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा. तहसीलदारांकडे शोध व बचाव पथकाची मागणी करा. तलाव अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

डोंगा आणि सामान

एका डोंग्यात दोघंच. तिसरा बसणार नाही, मध्ये बदली होणार नाही. एकट्याची शर्यत घेऊ नका: एकटा माणूस पाण्यात पडला तर डोंगा वाऱ्याने वाहून जातो आणि तो पोहत त्याला गाठू शकत नाही. दोघांपैकी एक आत राहिला तरी डोंगा जागेवर राहतो. वय 18 पूर्ण आणि कपड्यांसह 50 मीटर पोहणं, मग 5 मिनिटं तरंगणं, ही चाचणी आदल्या दिवशी सगळ्यांची घ्या. पिढ्यानपिढ्या पाण्यात असलेल्या घरच्या पोरांचीही घ्या. एकाला सूट दिली की सगळे मागतात.

लाकडी आणि पत्र्याचे डोंगे एकाच गटात पळवू नका. वजनाचा हिशेब लावून वेळेची सूट देण्याच्या फंदात पडाल, तर निकालापेक्षा भांडणच मोठं होईल. दोन गट करा.

पत्र्याच्या डोंग्याचा खरा धोका वेगळा आहे. लाकडी डोंगा पाण्याने भरला तरी तरंगतो, पत्र्याचा तळाला जातो. 60 किलो लोखंडी पत्रा पाण्यात गेला की त्याचं वजन साधारण 52 किलो उरतं, म्हणजे त्याला वर ठेवायला निदान तेवढे लिटर बंद हवा लागते. 20 लिटरचे तीन कॅन हिशेबात पुरतात. पण दोघं काठाला धरून लोंबकळणार, म्हणून चार बांधा. दोन पुढे, दोन मागे. चारही एका टोकाला बांधले तर दुसरं टोक खाली जाऊन डोंगा उभा राहतो आणि धरायला काही उरत नाही. झाकणं घट्ट लावा, कॅन आडव्या पाटाखाली दोरीने आवळा. नुसते अडकवलेले कॅन उलटताक्षणी सुटून निघून जातात.

दोघं बसल्यावर पाण्यापासून डोंग्याचा काठ एक वीत वर हवा. काठापासून वीतभर खाली रंगाची रेघ मारून घ्या. रेघ भिजली तर तो डोंगा सुटणार नाही. वादच नको.

प्रत्येक डोंग्यात दोन वल्ही आणि एक जादा, दोरीने बांधलेला पाणी उपसायचा डबा, 10 मीटर नायलॉनचा दोर, जाळ्यात अडकल्यास कापायला सुरी. अंगावर लाइफ जॅकेट, त्याला बांधलेली शिट्टी. जॅकेट घातल्यावर दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढावं. ते कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, पाण्यात डोक्यावरून निघेल. सप्टेंबर 2021 मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तरीही ‘गरम होते’ म्हणून जॅकेट काढणारे निघतातच. जॅकेट काढलं की ती जोडी बाद, हा नियम आधीच मोठ्याने वाचून दाखवा.

रिंगण आखणं

तीन खुणांचा त्रिकोण, बाजू साधारण 500 मीटर, दोन फेऱ्या. म्हणजे 3 किलोमीटर. ताशी 4–5 किलोमीटरने जाणारी जोडी 35 ते 45 मिनिटांत परत येते. सगळ्या खुणा डाव्या हाताला ठेवून वळायचं. पहिली खूण सुटायच्या रेषेपासून निदान 300 मीटर लांब हवी, नाहीतर सगळे एकदमच तिच्यावर येऊन आदळतात.

खुणेला 50 लिटरचा कॅन भगवा, हिरवा, निळा सोडून चमकत्या गुलाबी रंगाने रंगवा. लांबून दिसतो, आणि हा कुणाचा रंग म्हणून कुणी रुसत नाही. तळाला 20 किलोचा दगड. सिमेंटच्या गोणीत वाळू भरू नका. गोणी ओली होऊन फाटते आणि खूण चालायला लागते. दोर खोलीच्या दीडपट: 4 मीटर पाण्याला 6 मीटर. एवढ्या दोरावर कॅन वाऱ्याने साडेचार मीटरपर्यंत कुठल्याही बाजूला सरकतो, म्हणून बुडालेल्या खोडापासून तेवढं अंतर जास्त ठेवा. धरणाच्या पाण्यात जुनी खोडं उभी असतात आणि पाणी हातभर उतरलं की कालपर्यंत खाली असलेलं टोक वर येतं. त्यामुळे पाहणी आदल्या दिवशीचीच खरी, गेल्या आठवड्याची नव्हे. तुडूम (पाणी सोडायचं दार) आणि सांडव्यापासून 100 मीटर दूर राहा, आणि रब्बीला पाणी सोडलेलं असेल तर त्या दिवशी दार बंद ठेवायची विनंती आधी करा. बेशरमाची आणि जलपर्णीची कड रिंगणाच्या बाहेर ठेवा.

बिल्ला

पाटीवर खिळे ठोका, प्रत्येकावर डोंग्याच्या आकड्याचा पत्र्याचा बिल्ला. पाण्यात उतरताना जोडीने बिल्ला घ्यायचा, परत आल्यावर स्वतःच्या हाताने टांगायचा. बिल्ला देतानाच जॅकेट, रेघ, सामान तपासा. तोंडाला वास आला तर बिल्ला नाही. पाटीजवळचा माणूस दुसरं कुठलंच काम करणार नाही, चहासुद्धा त्याला जागेवर आणून द्या.

हमखास होणारी चूक अशी: मागे पडलेली जोडी पलीकडच्या काठाला उतरते, डोंगा बांधते आणि घरी जेवायला जाते. इकडे बचाव पथक अंधार पडेपर्यंत तलाव ढवळत राहतं. म्हणून शर्यत सोडली तरी बिल्ला परत आलाच पाहिजे. न आणणाऱ्या जोडीला पुढच्या वर्षी प्रवेश नाही, एवढी कडक शिक्षा या एकाच गोष्टीला ठेवा.

सुटणं

रेषा पाळीवरच्या काठीपासून पाण्यातल्या खुणेपर्यंत; दर डोंग्यामागे 4 मीटर, म्हणजे 12 डोंग्यांना सुमारे 50 मीटर. सुटायला 5 मिनिटं असताना पांढरा झेंडा वर, 4 मिनिटांवर लाल वर, 1 मिनिटावर लाल खाली, सुटताना पांढरा खाली. प्रत्येक वेळी भोंगा वाजवा, पण वेळ झेंड्याचीच धरायची. भोंगा वाऱ्यात विरतो, कधी वाजतच नाही. डीजे या पाच मिनिटांत बंद.

कुणी आधी सुटला तर एक भोंगा, पिवळं फडकं वर आणि त्याचा आकडा पुकारा. त्याने रेषेमागे पूर्ण परत येऊन, बाकीच्यांना वाट देत पुन्हा सुटायचं. निम्मे आधी सुटले आणि ओळखू येईनात तर दोन भोंगे, सगळे परत. दूरची खूण धुक्यात दिसत नसेल तोवर शर्यत सोडूच नका.

पाण्यावरचे नियम

धडक टाळणं सगळ्यांचं काम. मागून पुढे जाणाऱ्याने वाट काढायची, पुढच्याने मुद्दाम आडवं यायचं नाही. समोरासमोर आल्यास दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. खुणेपासून तीन डोंग्यांच्या लांबीवर आल्यावर जो आतल्या बाजूला शेजारी आहे, त्याला वळायला जागा द्यायची. त्यानंतर आत घुसणाऱ्याला ती मिळत नाही. खुणेला स्पर्श झाला तर मोकळ्या पाण्यात जाऊन एक पूर्ण गिरकी, दुसऱ्याला आडवे गेलात तर दोन. गिरकी लगेच मारा, पाळीवरून ती दिसते. मासेमाराच्या डोंग्याला आणि जाळ्याला नेहमीच वाट.

बाहेरची मदत नाही: ढकलणं, ओढणं, वल्हं पुरवणं, फोनवर सांगणं सगळं बंद, फोन पिशवीत गुंडाळून बांधलेला, फक्त संकटात काढायचा. पाळीवरून गावकरी ओरडणारच. त्यावर बंदी घालू नका, ती तपासता येत नाही आणि न तपासता येणारा नियम बाकीच्यांनाही पोकळ करतो.

कुणी संकटात दिसला तर शर्यत सोडून त्याच्याकडे जाणं बंधनकारक. मदतीला गेलेल्या जोडीची थांबल्यापासून पुन्हा निघेपर्यंतची वेळ पंच नोंदवतात आणि एकूण वेळेतून वजा करतात.

बचाव आणि थांबवणं

दर सहा डोंग्यांमागे एक बचाव होडी. बुडणाऱ्याला बाजूने आत ओढू नका, तुमचाही डोंगा उलटेल. मागच्या टोकाला धरायला लावा आणि काठाकडे न्या. इंजिन असेल तर माणूस धरण्याआधी बंद करा. आधी माणसं, डोंगा नंतर. श्वास थांबलेला असेल तर पोट दाबत किंवा उलटं धरून फिरवत बसू नका. आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबणं, 30 दाबांना 2 श्वास, आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा.

लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसायला लागला की शर्यत थांबवा. वीतभर काठाला तेवढं पाणी पुष्कळ होतं. गडगडाट ऐकू आला तर सगळे बाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पाण्यात कुणी नाही. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप पंचांच्या फोनमध्ये असू द्या. थांबवायची खूण तीन भोंगे. पहिली जोडी पोचल्यावर 30 मिनिटांत न आलेले बाद, त्यांना बचाव होडीने सोबत करून आणायचं.

तक्रार असेल तर त्याच क्षणी ‘तक्रार’ असं ओरडून, काठावर आल्याबरोबर पंचांना सांगायची. तासाभरात तिघांनी ऐकायची, त्यातला एक तक्रारीतल्या दोन्ही जोड्यांच्या गावांबाहेरचा. एकाहून जास्त शर्यती असतील तर प्रत्येकीत पहिल्याला 1 गुण, दुसऱ्याला 2, बाद झालेल्याला एकूण डोंग्यांपेक्षा 1 जास्त. कमी गुणांचा जिंकतो. बरोबरी झाली तर शेवटच्या शर्यतीत पुढे असलेला.

सगळे बिल्ले पाटीवर आले, की त्याच संध्याकाळी खुणा, दोर आणि दगड काढून आणा. तळाला राहिलेल्या दोरात ढिवरांची जाळी अडकून फाटतात, आणि पुढच्या वर्षीची संमती तिथेच अडते.