प्रश्वाशेजारचा लाल तारा किती दिवसांत फिरतो: घरी बसून मोजायचं कसं

उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. मोटरचा वेग बघायचा तर शाफ्टला चमकती पट्टी चिकटवायची, टॅकोमीटर समोर धरायचा, आकडा वाचायचा. लाल बटू तारा, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड तारा, स्वतःभोवती किती वेगानं फिरतो ते मोजायचंही तसंच, फक्त पट्टीच्या जागी डाग. सूर्यावर असतात तसलेच, पण लई मोठे. डागाळलेली बाजू आपल्याकडं आली की तारा जरासा मंद, पलीकडं गेली की उजळ. फरक बऱ्याचदा एक-दोन टक्के, कधी त्याहून कमी.

दुर्बीण नाही म्हणून अडू नका. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचं आकाश ओल्या घोंगडीसारखं असतंय, दुर्बीण असूनही काय करणार? २०१८ साली सोडलेली टेस ही अंतराळ दुर्बीण आकाशाच्या एकेका पट्ट्याकडं (त्याला सेक्टर म्हणतात) साधारण २७ दिवस टक लावून बघते, आणि तिची मोजमापं कुणालाही फुकट मिळतात.

पहिला तारा वायझेड कॅनिस मायनोरिस घ्या. जानेवारीत रात्री नऊला गच्चीवर गेलात की पूर्वेला प्रश्वा हा ठळक तारा दिसतो. त्याच्यापासून दोन अंशांवर हा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण कुठं आहे ते ठाऊक असलेलं बरं वाटतं. पायथॉन या संगणकभाषेतलं लाइटकर्व्ह हे फुकट पॅकेज घ्या, ताऱ्याचं नाव, सेक्टर ७ आणि दर दोन मिनिटांची नोंद एवढं सांगा, फाइल उतरते. ही २०१९ च्या जानेवारीतली मोजमापं आहेत.

लगेच गणिताला बसू नका. आधी वेळेनुसार ताऱ्याच्या उजेडाचा आलेख काढून नुसता बघा. आठ-नऊ लाटा डोळ्यांनी मोजता येतील, मध्ये एक फट असेल आणि लाटांवर सुळके दिसतील. सुळके म्हणजे ताऱ्यावरचे भडके: मिनिटांत चढतात, सावकाश उतरतात. हा तारा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. हे सुळके जॉबच्या कडेला राहणाऱ्या धारदार बरसारखे, घासून काढायचे. पण सरसकट वरून छाटलंत तर लाटेचा माथाही जाईल. म्हणून आधी लाटेची गुळगुळीत रेघ काढा, ती वजा करा, मग जे ठिपके फार वर उरतात तेवढेच मूळ नोंदीतून उडवा.

मग लोम्ब-स्कार्गल, म्हणजे लाट किती दिवसांनी परत येते ते शोधायची गणिती पद्धत. मोजमापात फटी असल्या तरी ही पद्धत चालते, म्हणून ती. ०.१ ते १३ दिवसांतला प्रत्येक आवर्तकाळ (एका फेरीचा वेळ) तपासायला सांगा. सगळ्यात उंच शिखर २.७७ दिवसांच्या आसपास येईल. आता त्या काळानं आलेखाची घडी घाला, म्हणजे तेवढ्या दिवसांचे तुकडे करून एकावर एक ठेवा. सगळ्या लाटा एकमेकींवर बसल्या पाहिजेत.

इथं थांबायची घाई करू नका, मी केली होती. दुसऱ्याच एका ताऱ्याचा काळ काढून खुशीत वहीत लिहिला, आणि नेमका त्याच आठवड्यात शॉपमधल्या चार पोलच्या मोटरवर टॅकोमीटर २८८० दाखवायला लागला. नेमप्लेटवर १४४०. पोरगं म्हणालं, "दादा, मीटर गेला." मीटर ठीक होता. शाफ्टच्या पलीकडच्या बाजूला जुनी पट्टी तशीच चिकटून राहिली होती! त्याच रात्री वही परत उघडली. त्या ताऱ्याच्याही समोरासमोरच्या बाजूंना डाग होते, आणि मी निम्मा काळ लिहून बसलो होतो.

म्हणून दुप्पट काळानंही घडी घालून बघाच. दोन खड्डे अगदी सारखे आले तर बहुधा पहिला आकडा बरोबर. एक खोल, एक उथळ असं आलटूनपालटून दिसलं तर दुप्पट काळ खरा.

शेजारीही तपासा. टेसच्या चित्रातला एक पिक्सेल २१ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे चंद्राच्या रुंदीत जेमतेम पंच्याऐंशी बसतात. दुसऱ्याच ताऱ्याची लाट आपल्या खात्यावर सहज पडते. आणि सावकाश फिरणाऱ्यांचा नाद इथं नको: सूर्याच्या सगळ्यात जवळच्या प्रॉक्झिमा ताऱ्याला एका फेरीला तीनेक महिने लागतात, ते २७ दिवसांत कसं दिसणार? शिवाय तयार फाइलीत असे सावकाश चढउतार बऱ्याचदा सपाट केलेले असतात. एका सेक्टरवरून १३ दिवसांपुढचा आकडा मी तरी लिहीत नाही.

आता कटिंग स्पीडचं आपलं रोजचं सूत्र लावा, पाय गुणिले व्यास गुणिले फेरे. या ताऱ्याचा व्यास सूर्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे साडेचार लाख किलोमीटरच्या वर. परीघ साडेचौदा लाखांच्या आसपास, आणि एका फेरीला २.७७ दिवस. उत्तर येतं सेकंदाला सहा किलोमीटर. आमच्या हायस्पीड स्टीलच्या टूलला माइल्ड स्टीलवर मिनिटाला तीस मीटर सोसतात.