खासबागेत कुस्ती बघायला येताय? मग आधी हे वाचा

पुण्या-मुंबईचे पाहुणे कोल्हापुरात आले की अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा उरकतात आणि जाता जाता म्हणतात, "खासबाग दाखवा की." मी दाखवते, पण मनापासून नाही. रिकाम्या खासबागेत बघायला काय आहे? गोल उतरतं मैदान आणि मधोमध मातीचा हौदा. यायचंच असेल तर कुस्त्या असतील त्या दिवशी या.

मी मंगळवार पेठेतली. आबांनी तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, त्यामुळे आमच्या घरी जेवताना डावांवर भांडणं व्हायची. तेव्हा हे सगळं प्रेक्षकाच्या नजरेतून सांगतेय, पैलवानाच्या नाही.

पावसाळ्यात मैदानं, म्हणजे कुस्त्यांचे कार्यक्रम, बंदच असतात. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम लागला की उन्हाळ्यापर्यंत धूमधाम. मोठं मैदान ठरलं की चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. तो फ्लेक्स नीट वाचा. वरचे दोन मोठे फोटो म्हणजे एक नंबरची जोड. त्याखाली दोन नंबर, तीन नंबर, आणि प्रत्येकाच्या नावाखाली तालीम किंवा वस्तादाचं नाव. पैलवान कुणाच्या हाताखाली तयार झाला हे नावापेक्षा जास्त सांगून जातं. जोड एका तालमीतली कधी लावत नाहीत, गंगावेस विरुद्ध शाहूपुरी असं काही दिसलं तर चुकवू नका.

फ्लेक्सवर दुपारची वेळ असते. शहाणे लोक म्हणतात, एक नंबर शेवटी लागतो, सातला जाऊ. मला हे अजिबात पटत नाही. दुपारी उन्हात आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, इनाम किरकोळ. पण ही पोरं एकमेकांना जोखत बसत नाहीत, हात मिळवला की भिडलीच. एका तासात पंधरा-वीस निकाल बघायला मिळतात आणि चितपट म्हणजे काय ते न सांगता कळतं. आणि अंगानं लहान म्हणून कुणाला हिणवू नका. खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजात शिकले आणि 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, ते बँटमवेट गटात.

भवानी मंडपाकडून मिरजकर तिकटीच्या दिशेनं चालत या. गाडी आणू नका, लावायला जागा मिळणार नाही आणि मिळाली तर काढता येणार नाही.

आता जागा. शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले होते. तिथली रोमन पद्धतीची मैदानं डोक्यात ठेवून त्यांनी हे बांधून घेतलं, 1912 ला पुरं झालं. चहूबाजूंनी उतार असा काढलाय की मागच्यालाही हौदा दिसावा. नवखा माणूस तरीही पुढे घुसतो. पुढे बसलात तर पंच, फेटेवाले मान्यवर आणि फोटोवाले यांच्या पाठीच बघाल. उताराच्या मध्यावर बसा, म्हणजे पैलवानांचे पाय दिसतात. पश्चिमेची बाजू धरा, संध्याकाळचं ऊन पाठीवर येतं. बसायला जाड चादर आणि डोक्याला टोपी, एवढं सामान पुरे. बायकांनी यावं का, असं मला अजून विचारतात. आता मुलींच्याही कुस्त्या लागतात, मग बघायला कसली अडचण? चौघीजणी मिळून या, बिनधास्त बसा.

कुस्ती बघायची ती चेहऱ्याकडे न बघता. सुरुवातीला दोघं मातीला हात लावून कपाळाला लावतात, अंगाला माती चोळतात. या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर असं बरंच काही मुरवलेलं असतं, म्हणून ती भुसभुशीत राहते आणि वास वेगळाच येतो. मग शड्डू, म्हणजे मांडीवर थाप. मग खडाखडी, म्हणजे मानेवर हात, मनगटाची ओढाताण, डोक्याला डोकं. नवख्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. इथेच कमरेखाली बघा. ज्याचा पुढचा पाय जड पडायला लागला, त्याच्यावर पट येणार. एकेरी पट म्हणजे समोरच्याचा एक पाय उचलून त्याला पाडायचं, दुहेरी म्हणजे दोन्ही.

खाली आला म्हणजे हरला असं नाही, हे घोकून ठेवा. पोटावर पडलेला पैलवान सुरक्षित असतो, वरच्यानं फक्त कब्जा घेतलेला असतो. आता त्याला लोळवून पाठीवर आणायचंय. घिस्सा हा लोळवायचा डाव लागतो तो इथे, आणि आमच्या आबांचा श्वास अडकतो तोही इथे. दोन्ही खांदे मातीला टेकले की झालं, अस्मान दिसलं. उभ्या उभ्या लागणारे डाव मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात. धोबीपछाड नावाप्रमाणेच असतो, हात धरून खांद्यावरून आपटायचं. ढाक म्हणजे मान काखेत धरून फेकायचं, खाशाबांचा हा हातखंडा डाव होता.

कानही उघडे ठेवा. हलगी आणि घुमकं ही वाद्यं एका लयीत चाललेली असतात. डाव बसतोय असं दिसलं की हलगीवाला हात वाढवतो. तो तुमच्या आधी ओळखतो, म्हणून मोबाइलमध्ये डोकं घातलं असलं तरी हलगी चढली की वर बघा. निवेदक पैलवानाची सात पिढ्यांची माहिती देईल, त्यातलं निम्मं सोडून द्या.

मातीतली खरी कुस्ती निकाली. पण मोठ्या जोडी कधी कधी जोखण्यातच वेळ काढतात, मग पंच ताकीद देतात, वेळ बांधून गुणांवर सोडवतात किंवा बरोबरीत. पब्लिक मग जे बोलतं ते इथे लिहीत नाही. तुम्ही शिट्ट्या मारू नका, शेजारच्या पांढऱ्या मिशीवाल्याला विचारा, "काका, कुणाचं चुकलं?" अर्धा तास फुकट शिकवणी मिळेल. महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते गदेसाठी लढतात. तिथले गुण इथे मोजत बसू नका.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. 1915 चं, महाराजांनीच बांधलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. एका बाजूला कुस्ती, दुसऱ्या बाजूला संगीत नाटक, असा या राजाचा शौक होता. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळालं, दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आमच्या पेठेत कुणी झोपलं नाही.

मैदान सुटलं की सगळे एकदम दाराकडे पळतात. तुम्ही बसून राहा, हौद्याजवळ जिंकलेल्याला खांद्यावर घेतलेलं दिसेल, आणि हरलेल्याजवळ त्याचा वस्ताद बसलेला असतो, ते बघा. गर्दी ओसरली की बाहेर भेळ खा. पोटात जागा उरली तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हैस समोर उभी असते, धार काढून ग्लास हातात देतात. तांबड्या-पांढऱ्याची घाई त्या रात्री करू नका, ते दुसऱ्या दिवशी दुपारी.