सेप्टिक टँकची निगा कशी राखावी

सेप्टिक टँकचे झाकण उघडल्यावर ती भरलेली दिसली म्हणजे बिघाड झाला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः बाहेर जाणाऱ्या नळीच्या पातळीपर्यंत ती कायमच भरलेली असते. घरातून जेवढे पाणी आत येते तेवढेच दुसऱ्या टोकाने शोषखड्ड्याकडे जाते. पाणी टाकीत थांबते त्या काळात जड मैला तळाशी बसतो, तेल-चरबीचा तवंग वर साचतो आणि ऑक्सिजनाविना जगणारे जिवाणू मैल्याचा काही भाग कुजवून कमी करतात. उरलेला गाळ मात्र वाढतच राहतो आणि वेळेवर उपसला नाही, तर पाण्याबरोबर वाहत जाऊन शोषखड्ड्याभोवतीच्या मातीची छिद्रे बुजवतो. टाकी काही तासांत रिकामी करता येते, पण बुजलेली माती पूर्ववत करणे फार अवघड असते. म्हणून टाकीची निगा खरे तर शोषखड्डा वाचवण्यासाठीच राखायची.

गाळ आणि तवंग यांनी मिळून टाकीतील पाण्याच्या खोलीचा एक तृतीयांश भाग व्यापला की उपसा करावा. ही वेळ साधारणतः 3 ते 5 वर्षांनी येते. टाकी लहान आणि माणसे जास्त असतील तर त्याआधीच. उपसा करणाऱ्यांकडून गाळाची उंची मोजून घ्यावी आणि तारखेसह नोंदवून ठेवावी, म्हणजे पुढचा उपसा अंदाजावर सोडावा लागत नाही. टाकीला दोन कप्पे असल्यास दोन्ही उपसावेत आणि तवंग अडवणारी, बाहेरच्या टोकाची टी-आकाराची नळी शाबूत आहे का, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. उपशानंतर टाकी जंतुनाशकाने धुऊ नये. जिवाणू वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पावडरींचीही गरज नसते, कारण ते जिवाणू रोजच्या मैल्याबरोबर आपोआप येतात.

टाकीत कोणीही, क्षणभरसुद्धा, उतरू नये. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असला की वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे धोक्याची जाणीव होत नाही, आणि बेशुद्ध पडलेल्याला काढायला उतरणारेही दगावतात. मिथेन पेट घेतो, म्हणून उघड्या झाकणाजवळ ज्योत नेऊ नये.

सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, तळणीचे तेल, रंग आणि औषधे शौचालयात किंवा मोरीत टाकू नयेत, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पाण्याच्या अतिरेकाकडे मात्र दुर्लक्ष होते. गळक्या फ्लशमधून दिवसाला शेकडो लिटर पाणी टाकीत जाऊ शकते आणि गाळ बसायला लागणारी उसंतच राहत नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग घालून, फ्लश न करता अर्धा तास थांबावे. भांड्यात रंग उतरला तर गळती आहे. छपरावरचे पावसाचे पाणी वेगळ्या वाटेने काढावे, तसेच शोषखड्ड्यावर वाहने उभी करू नयेत व जवळ मोठी झाडे लावू नयेत.

एकच मोरी तुंबली, तर दोष बहुधा तेवढ्याच नळीत असतो. घरातील सगळीकडचे पाणी सावकाश उतरू लागले, सर्वांत खालच्या शौचालयात गुडगुड ऐकू आली किंवा शोषखड्ड्यावरची जमीन कोरड्या दिवसांतही ओली राहिली, तर टाकी तपासून घ्यावी. उपसा चालू असताना शोषखड्ड्याकडच्या नळीतून पाणी उलटे टाकीत येत असेल, तर खड्डा पाणी मुरवेनासा झाला आहे. अशा वेळी वारंवार टँकर बोलावून केवळ काही दिवसांची सवड मिळते, दुरुस्ती शोषखड्ड्याचीच करावी लागते.