भीमेचा विसर्ग आणि गाळ कसा मोजावा

खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडले, याची चर्चा पावसाळ्यात पुण्यातल्या घराघरात होते; त्या पाण्याबरोबर किती गाळ खाली गेला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळून उजनीच्या जलाशयात पोहोचते आणि तेथे वेग मंदावताच गाळ तळाशी बसून साठवण घटवतो. म्हणून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, आणि गाळ यांची मोजणी एकाच जागी आणि एकाच वेळी करावी.

जागा निवडताना घाई करू नये. नदीचे पात्र सरळ असावे, जवळ ओढा मिळत नसावा आणि खालच्या बाजूच्या बंधाऱ्याचा किंवा धरणाचा फुगवटा तेथवर येत नसावा. फुगवट्यात पाणीपातळी चढलेली दिसते, पण वेग कमी असतो, त्यामुळे पातळीवरून काढलेला विसर्ग फसवा ठरतो. पूल असल्यास उत्तम. पुरात नावेपेक्षा तेथून काम करणे अधिक सुरक्षित असते.

पात्राच्या रुंदीचे 15 ते 25 काप पाडावेत. कोणत्याही एका कापातून एकूण विसर्गाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त पाणी जाऊ नये, हे पाहावे. प्रत्येक कापात वजन सोडून खोली घ्यावी आणि प्रवाहमापक, म्हणजे पाण्याचा वेग मोजणारे उपकरण, पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 पट अंतरावर धरावा. पाणी खोल असल्यास 0.2 आणि 0.8 पट अंतरांवरील वेगांची सरासरी घ्यावी. काप 10 मीटर रुंद, 3 मीटर खोल आणि वेग सेकंदाला 1.2 मीटर असेल, तर त्या कापाचा विसर्ग 36 क्युमेक, म्हणजे सेकंदाला 36 घनमीटर, होतो. एक क्युमेक म्हणजे सुमारे 35.3 क्युसेक (सेकंदाला घनफूट). प्रवाहमापकाची तपासणी वेळोवेळी झालीच पाहिजे. पुणेकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही, कारण 1916 साली स्थापन झालेल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात ती सोय आहे.

गाळाचा नमुना काठावरून बादलीने घेऊ नये. काठाचे पाणी संथ असते आणि जाड वाळू तळालगत वाहते. ठरावीक खोलीवर उघडणारी बाटली वापरावी व ती काठोकाठ भरू देऊ नये. प्रयोगशाळेत बाटली चांगली हलवून पाणी आधीच वजन केलेल्या गाळणकागदातून गाळावे. बाटलीच्या बुडाशी चिकटलेली काळी, तुळतुळीत साय स्वच्छ पाण्याने विसळून त्याच कागदावर घ्यावी. ती राहिली, तर सारा हिशेब कमी भरतो. कागद 105 अंश सेल्सिअसला वाळवून, हवाबंद भांड्यात थंड करून पुन्हा तोलावा.

लिटरमागे गाळाचे मिलिग्रॅम गुणिले विसर्गाचे क्युमेक गुणिले 0.0864, हे दिवसाचे टन झाले. वरील उदाहरणातल्या कापात लिटरला 800 मिलिग्रॅम गाळ असेल, तर दिवसाला सुमारे 2,488 टन गाळ वाहतो. तळावरून घरंगळणारी वाळू यात येत नाही, हे नोंदवहीत स्पष्ट लिहावे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. पहिल्या पुरात, पाणी चढत असताना, नदी बहुधा सर्वाधिक गढूळ असते आणि उतरत्या पाण्यात तीच पातळी असूनही गाळ बराच कमी भरतो. म्हणून रोज सकाळी आठचा एकच नमुना घेऊन थांबू नये. पातळी चढू लागताच दर तासाला बाटली सोडावी आणि प्रत्येक मोजणीच्या सुरुवातीची व शेवटची पातळी वेळेसह जागच्या जागी लिहून ठेवावी.