स्टेल्थ शिकायचंय? आधी पत्रा तिरका करून बघा

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी स्टेल्थ विमानांचा विषय घेतला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त रंग होता. लहरी शोषणारा लेप दिला की विमान रडारवर दिसत नाही, असं मी धरूनच चाललो होतो. पहिले दोन महिने त्या लेपांचे पेपर वाचण्यात गेले. तुम्ही या वाटेने येत असाल तर सुरुवात आकारापासून करा. लेपाचा नंबर नंतर लागतो.

३० सेंटिमीटर बाजूचा चौकोनी सपाट पत्रा घ्या, कागदावरच. १० गिगाहर्ट्झच्या रडारची लहर ३ सेंटिमीटर लांब असते. पत्रा रडारच्या अगदी समोर असेल तर त्याचा रडार क्रॉस सेक्शन, म्हणजे आरसीएस (वस्तू रडारला केवढी दिसते त्याचं माप), असा काढतात: क्षेत्रफळाचा वर्ग गुणिले ४π, भागिले लहरलांबीचा वर्ग. उत्तर येतं ११३ चौरस मीटर! हातात मावणारा पत्रा रडारला १२ मीटर व्यासाच्या धातूच्या गोळ्याएवढा दिसतो. आता तोच पत्रा जेमतेम ३ अंश तिरका करा. प्रतिध्वनी जवळपास नाहीसा होतो, कारण लहर परतते ती दुसऱ्याच दिशेला. पायथॉनमध्ये कोनानुसार बदलणाऱ्या आरसीएसचा आलेख पहिल्यांदा उमटला त्या रात्री मला झोप आली नाही. एफ-११७ या अमेरिकी स्टेल्थ विमानाचं ते पैलू पाडल्यासारखं अंग का, ते तेव्हा कळलं.

कडा मात्र लहरी विखुरतातच. त्यांचं गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव्ह यांनी १९६२ मध्ये मांडलं. अमेरिकेत लॉकहीड या विमान कंपनीच्या डेनिस ओव्हरहोल्सर यांनी त्याचा अनुवाद वाचला आणि आरसीएस काढणारा प्रोग्राम बांधला. १९७७ मध्ये एफ-११७ च्या आधीचं चाचणी विमान ‘हॅव ब्लू’ उडालं ते त्याच जोरावर. तेव्हाच्या संगणकांना वक्र पृष्ठभाग झेपत नव्हते, म्हणून सगळे सपाट तुकडे. वळणदार अंगाचं बी-२ हे स्टेल्थ बॉम्बर येईपर्यंत ती अडचण सरली होती.

मुलाखतीत हमखास विचारतात ते चतुर्थमूळ. रडारचा पल्ला, म्हणजे वस्तू किती दूरवरून दिसते ते अंतर, आरसीएसच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे आरसीएस १६ पट घटवला तरी पल्ला फक्त निम्मा होतो. पल्ला दहाव्या हिश्शावर आणायचा तर आरसीएस १०,००० पट घटवावा लागतो. हे पाठ करू नका, समीकरण स्वतः मांडा. ईएम थिअरी, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींचा सिद्धांत, आपल्याकडे पास होण्यापुरती केली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथे तिच्याशिवाय एक पाऊल पडत नाही.

२७ मार्च १९९९ ला सर्बियात एफ-११७ पाडलं गेलं. त्याचा माग काढणाऱ्यांत पी-१८ हे जुनं सोव्हिएत रडार होतं, सुमारे २ मीटर लांबीच्या लहरींवर चालणारं. आपला ३० सेंटिमीटरचा पत्रा त्या लहरीपुढे टिकलीएवढा. तो सरळ की तिरका, याने फारसा फरक पडत नाही. वरचं सूत्रही तिथे लागू होत नाही, कारण ते लहरीपेक्षा बऱ्याच मोठ्या पत्र्यासाठी आहे. तिथून पुढे मेथड ऑफ मोमेंट्स, म्हणजे लहरींची समीकरणं संगणकावर सोडवण्याची पद्धत, शिकावी लागते. मला तिच्यासाठी एक अख्खं सेमिस्टर लागलं.