परिपत्रकापासून पाड्यापर्यंत: मानसिक आरोग्य व समाजसेवा संस्थांमध्ये बदल कसा शिकवावा

मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती, कौटुंबिक समुपदेशन, निराधारांचा सांभाळ अशी कामे करणाऱ्या संस्थेकडे वर्षभर काही ना काही बदल येतच असतात. कधी नवा शासन निर्णय निघतो, कधी अर्जाचा नमुना बदलतो, कधी नवी हेल्पलाइन सुरू होते. परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले, सर्वांनी अंगठ्याचे चिन्ह पाठवले आणि कार्यालयाच्या लेखी काम संपले, असे फार ठिकाणी घडते. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर गृहभेटीला गेलेली कार्यकर्ती कुटुंबाशी जे बोलते, जो कागद भरते आणि जो क्रमांक लिहून देते, त्यात फरक पडला तरच बदल झाला असे मी मानते. पुढील सर्व सूचना याच कसोटीवर तपासून घ्याव्यात.

नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. पेठ, सुरगाणा किंवा बागलाणातील कुटुंब आपले दुखणे पहिल्यांदा सांगते ते आशाताईंना, अंगणवाडी सेविकेला किंवा संस्थेच्या कार्यकर्तीला. तिच्याकडची माहिती जुनी असेल, तर त्या कुटुंबाचा पुढचा सगळा प्रवास चुकीच्या दिशेने सुरू होतो.

सर्वप्रथम संस्थेतील एका व्यक्तीवर बदलांची जबाबदारी सोपवावी आणि तिच्याकडे एक नोंदवही द्यावी. त्या वहीत बदल कोठून आला, त्याचा दिनांक, तो कोणाच्या कामाला लागू होतो, कोणता जुना कागद रद्द करायचा, केव्हा शिकवले आणि प्रत्यक्ष कामात केव्हा दिसले, असे रकाने आखावेत. एकाने दुसऱ्याला पुढे पाठवलेला संदेश म्हणजे मूळ आदेश नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाला संकेतांक असतो. संकेतस्थळावरून मूळ प्रत काढून तो संकेतांक वहीत उतरवल्याशिवाय कोणालाही काहीही शिकवू नये. जुना कागद रद्द करण्याचा रकाना सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगते.

काही वर्षांपूर्वी एका केंद्रात मी रुग्ण दाखल करून घेण्याचा अर्ज पाहिला. छायाप्रतीवरून काढलेली छायाप्रत होती, कडा काळवंडलेल्या होत्या आणि माथ्यावर १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा उल्लेख तसाच होता. खाली नातेवाइकाच्या सहीसाठी ऐसपैस जागा होती. ज्या माणसाला दाखल करायचे, त्याच्या सहीसाठी मात्र जागाच नव्हती. तोवर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू होऊन बराच काळ लोटला होता आणि तेथील कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षणही मिळालेले होते. प्रशिक्षण डोक्यात राहिले आणि हात मात्र जुन्याच कागदावर चालत राहिले. म्हणून नवे शिकवण्याच्या दिवशीच कपाटे, खण आणि संगणकातील जुने नमुने सर्वांसमक्ष काढून टाकावेत.

कायदा शिकवताना कलमे वाचून दाखवण्यापेक्षा ती हाताने करून घ्यावीत. २०१७ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारा माणूस, निवडता येतो आणि त्यासाठी साध्या कागदावर सही किंवा अंगठ्यासह लिहून देणे पुरेसे असते. प्रशिक्षणात प्रत्येकीला कोरा कागद देऊन स्वतःसाठी असा प्रतिनिधी लिहायला सांगावे. पेन थबकते. नवऱ्याचे नाव लिहावे की बहिणीचे, आईला हे झेपेल का, हा विचार जेव्हा स्वतःबद्दल करावा लागतो, तेव्हा रुग्णाला हा प्रश्न का विचारायचा हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याच बैठकीत आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकारही समजावून द्यावा. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तीला प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करून घेतल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला स्त्रिया व अल्पवयीनांबाबत ३ दिवसांत आणि इतरांबाबत ७ दिवसांत कळवावे लागते. ही मुदत भिंतीवरील दिनदर्शिकेवर प्रत्यक्ष मोजून दाखवावी.

दुसरा विषय आत्महत्येच्या प्रयत्नाचा. द्राक्ष आणि कांद्याच्या या जिल्ह्यात कीटकनाशक घराघरात असते, आणि रुग्णालयाच्या खाटेशेजारी बसलेल्या आईचा पहिला प्रश्न बहुधा “पोलीस केस होईल का?” हाच असतो. या प्रश्नाचे नेमके उत्तर प्रत्येक कार्यकर्तीला पाठ असले पाहिजे. रुग्णालय पोलिसांना कळवू शकते आणि पोलीस जबाबही घेऊ शकतात. मात्र २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे ही शासनाची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुन्या दंडविधानातील कलम ३०९ सरसकट ठेवलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी किंवा त्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. हे न शिकवल्यामुळे घरचे लोक विषबाधेचे खरे कारण लपवतात, चुकून औषध प्यायले असे सांगतात, आणि मग मनावरचा उपचार राहूनच जातो.

त्याच बैठकीत थेट विचारण्याचा सराव घ्यावा. “इतका त्रास होतो तेव्हा जीव द्यावा असं मनात येतं का?” हे वाक्य ऐकायला सोपे वाटते, प्रत्यक्षात अनुभवी समुपदेशकाचाही आवाज तेथे खाली जातो आणि प्रश्न “तसं काही नाही ना?” असा होऊन बाहेर पडतो. अशा प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच येणार. विचारल्याने असा विचार मनात पेरला जात नाही हे स्पष्ट सांगून तिघींचे गट करावेत: एक विचारणारी, एक उत्तर देणारी आणि एक फक्त ऐकून नोंद करणारी. बागलाण, मालेगाव भागातील कार्यकर्तींनी हा प्रश्न अहिराणीत आणि सुरगाणा, पेठेतील कार्यकर्तींनी कोकणा बोलीत स्वतः तयार करावा, प्रशिक्षकाने तो लिहून देऊ नये. कुटुंब आधी भगताकडे जाऊन आले असेल तर त्याबद्दल एकही टोमणा न मारता बोलणे पुढे कसे न्यायचे, हाही सराव येथेच व्हावा.

बैठक दीड ते दोन तासांची आणि एका बदलापुरतीच ठेवावी. दिवसभरात दहा विषय उरकण्याच्या शिबिरातून जेवण आणि प्रमाणपत्र यापलीकडे फारसे हाती लागत नाही. गंगापूर रोडवरचे सभागृह संस्थेला सोयीचे असते, पण सुरगाण्याहून येणारीचा सगळा दिवस एसटीत जातो. त्यापेक्षा प्रशिक्षकानेच कळवण किंवा दिंडोरीला जावे आणि प्रवासखर्च त्याच दिवशी रोख द्यावा. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी या काळात बैठका टाळाव्यात, कारण त्या दिवसांत पाड्यांवरील अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे कामाला गेलेली असतात आणि त्यांच्यातच आपल्या काही कार्यकर्तीही असतात.

हेल्पलाइनचे क्रमांक छापण्यापूर्वी प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करून पाहावा. मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध आहे; त्यासोबत मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ एवढे पुरे.

सिंहस्थामुळे आणखी एक प्रशिक्षण नाशिकला टाळता येणार नाही. रामकुंड आणि पंचवटीच्या परिसरात भरकटलेली, कधी घरच्यांनीच सोडून दिलेली माणसे एरवीही सापडतात. २०२७ च्या पर्वण्यांच्या गर्दीत ही संख्या वाढेल हे गृहीत धरून तयारी करावी. मानसिक आजार असावा असे वाटणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती फिरताना आढळल्यास तिला संरक्षण देणे हे २०१७ च्या कायद्याच्या कलम १०० नुसार पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही आणि २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. हे प्रशिक्षण एकट्या संस्थेने घेऊन उपयोग नाही. पोलीस ठाण्यातील कर्मचारी, रुग्णवाहिकेचे चालक आणि घाटावरचे स्वयंसेवक एकत्र बसले पाहिजेत, कारण रात्री अकरा वाजता त्या माणसाला कोणत्या गाडीतून कोठे न्यायचे याचे उत्तर त्या सर्वांना मिळूनच ठरवावे लागेल.

प्रशिक्षणाला प्रत्यक्ष उदाहरणे आणावीत, मात्र नाव, गाव आणि छायाचित्र यांशिवाय. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि लहान पाड्यावर “बंद पडलेल्या गिरणीशेजारचे घर” एवढे वर्णनही माणूस ओळखायला पुरते. तसेच अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्तीला मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ म्हणू नये आणि म्हणवू देऊ नये. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ निराळे, आणि आपण कोठे थांबून पुढे पाठवायचे हे कळणे हाच तिच्या प्रशिक्षणाचा गाभा आहे.

बैठकीनंतर तीन आठवड्यांनी प्रशिक्षकाने तिच्यासोबत एका गृहभेटीला जावे आणि कोपऱ्यात बसून फक्त ऐकावे. परत येताना रस्त्यात आधी तिला तिचे कसे चालले आहे ते विचारावे, कारण आठवडाभर इतरांचे दुःख ऐकणाऱ्या बाईला कोणी तरी ऐकून घ्यावे लागते. सुधारणा त्यानंतर सांगाव्यात. नोंदवहीतील शेवटचा रकाना त्याच संध्याकाळी भरावा. जेथे बदल दिसला नाही तेथे तो कोरा ठेवून, पुढच्या आठवड्यात त्याच कार्यकर्तीसोबत पुन्हा जावे.