इंग्लंडमध्ये बालशिक्षणाचा लेव्हल 3 : तास, नोंदी आणि वर्षअखेरचं बक्षीस

नर्सरीत काम करायला इंग्लंडमध्ये पदवी लागतेच असं नाही. जवळच्या फर्दर एज्युकेशन कॉलेजातून (शाळेनंतरचं व्यावसायिक शिक्षण देणारं कॉलेज) लेव्हल 3 (साधारण आपल्या बारावीच्या तोडीची पातळी) अर्ली इयर्स एज्युकेटर झालं की पात्र कर्मचारी म्हणून दार उघडतं. 16 ते 19 वयाची मुलं बहुधा टी लेव्हल हा दोन वर्षांचा तांत्रिक अभ्यासक्रम घेतात. त्यात या शाखेला 750 तासांची प्लेसमेंट, म्हणजे नर्सरीत प्रत्यक्ष काम, असते. जोडीदाराच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या मोठ्या माणसांसाठी सहसा डिप्लोमा. त्याचे तास वेगळे असतात, ते प्रवेशाआधीच विचारावेत. फीचंही तेव्हाच विचारा, कारण सरकारी मदत व्हिसावर आणि बहुतेकदा 3 वर्षांच्या वास्तव्यावर ठरते.

उशीर होतो तो कागदांमुळे. एन्हान्स्ड डीबीएस तपासणीशिवाय (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी पडताळणी) प्लेसमेंट सुरू होत नाही, आणि भारतात राहून आलेल्यांकडे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागितलं जातं. डीबीएसचा कागद निघाल्यापासून 30 दिवसांत अपडेट सर्व्हिसला (तोच कागद पुढेही वापरू देणारी ऑनलाइन सेवा) नाव नोंदवा, नाहीतर नर्सरी बदलताना सगळं पुन्हा पहिल्यापासून.

खोलीत पाऊल टाकलं की संख्येचा हिशेब सुरू. दोन वर्षांखालची 3 मुलं, दोन वर्षांची 5, तीन आणि त्यापुढची साधारण 8, अशा प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस. म्हणून पाच मिनिटांसाठी बाहेर जायचं तरी सांगून जावं. स्वतःचा फोन लॉकरमध्ये. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करूनच द्यायची, अख्खं द्राक्ष घशात अडकतं.

खरं शिक्षण निरीक्षणाच्या नोंदीत आहे, आणि नवे लोक अडखळतात तेही तिथेच. ‘आज पाण्याशी खेळली, खूप मजा आली’ ही नोंद परत येते. अशी लिहा: ‘10.20, पाण्याचा ट्रे. वय 2 वर्षं 7 महिने. छोट्या कपाने मोठं भांडं तीनदा भरलं. पाणी ओसंडल्यावर थांबली, माझ्याकडे पाहून "नो मोअर" म्हणाली.’ मग हे ईवायएफएसच्या (पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा इंग्लंडचा सरकारी आराखडा) सातपैकी कोणत्या क्षेत्रात बसतं ते (इथे गणित, आणि संवाद व भाषा) आणि पुढची पायरी: उद्या तीन मापांची भांडी ठेवून ‘भरलं’, ‘रिकामं’ हे शब्द वापरणं. नोंद त्याच दिवशी करा. शुक्रवारी बसून आठवड्याचं लिहिलं की मुलाचे शब्द हरवतात आणि आपलं मत तेवढं उरतं. मुलाचं पूर्ण नाव नको, आद्याक्षर पुरे.

बालवाडीत शिकवून आलेल्यांना एक सवय सोडावी लागते: तीन वर्षांच्या मुलाला बसवून अक्षरं गिरवायला लावण्याची. इथे ते चालत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाडचं काम माहीत असणाऱ्यांना यात काही परकं वाटणार नाही. पानं, बिया, माती घेऊन शिकणं तिथेही होतंच. मराठी बोलणारं मूल गटात असेल तर त्याच्याशी मराठीतही बोला. घरच्या भाषेला खेळात वाव देणं हे ईवायएफएसमध्येच आहे.

प्लेसमेंटच्या तासांच्या तक्त्यावर मेंटॉरची, म्हणजे नर्सरीत तुम्हाला मार्गदर्शन करणाऱ्या कर्मचाऱ्याची, सही दर आठवड्याला घ्यावी. नर्सरीतली माणसं नोकऱ्या भराभर बदलतात. मेंटॉर सोडून गेली की सही न झालेले तास सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

वर्षाच्या शेवटी बहुतेक कॉलेजं बक्षीस समारंभ करतात. नाव सुचवतात ट्यूटर, आणि त्यांना ‘मेहनती, हसतमुख’ यापलीकडचं काहीतरी लागतं. न बोलणाऱ्या मुलासाठी तुम्ही चित्रांची कार्डं केली असतील, तर ते मेंटॉरकडून साक्षपत्रात तारखेसह लिहून घ्या, तेही काम ताजं असताना. आपण होऊन मागायला मराठी माणूस संकोचतो. तिकडे यात कुणाला गैर वाटत नाही. समारंभातल्या पडद्यासाठी फोटो द्यायचा तर मुलाचा चेहरा टाळा, किंवा पालकांची आणि नर्सरीची लेखी परवानगी घ्या. मुलाने केलेल्या वस्तूचा फोटो बहुतेकदा पुरतो.

बक्षीस मिळालं तर सीव्हीत त्याच्या नावाखाली ते कशासाठी मिळालं हे एका ओळीत लिहा. मुलाखतीत नर्सरीची मॅनेजर तेच विचारते.